रगत माझंच, मग पैसे कशाचे?

दात काढून आलेल्या माणसाला सल्ले द्यायला आपल्याकडे अख्खी गल्ली जमते. कुणी म्हणतं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, कुणी लवंग दाबून धरायला सांगतं, कुणी हळूच तंबाखूची चिमूट पुढे करतं. वरची दाढ काढली असेल तर "आता डोळे सांभाळ रे बाबा" हेही ठरलेलं. (वरच्या दाताचा आणि नजरेचा काही संबंध नाही हे डॉक्टर सांगून थकले. असो.) या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. दात काढल्यावर त्या खळगीत रक्ताची जी गाठ बसते, तिला धक्का लावू नकोस. पुढचं सगळं काम तीच करणार आहे.

ही गाठ म्हणजे काय हे मला तरी अलीकडेपर्यंत शाळेच्या पुस्तकापलीकडे माहीत नव्हतं. रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका. रक्तपट्टिका म्हणजेच आपल्या प्लेटलेट्स. डेंग्यूच्या साथीत त्या घराघरात पोचल्या. "पेशंटच्या पेशी किती झाल्या?" हा प्रश्न परभणीच्या दवाखान्यांच्या व्हरांड्यात पावसाळ्यात हमखास ऐकू येतो, आणि त्यातल्या "पेशी" म्हणजे या. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख. आकार दोन-तीन मायक्रॉन, आयुष्य आठ-दहा दिवस. इटलीतल्या तुरीन शहरात ज्युलिओ बिझोझेरो या संशोधकाने १८८२ साली त्यांचं नीट वर्णन केलं आणि रक्तस्राव थांबवण्यात त्यांचा हात असल्याचं दाखवलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं रक्तपट्टिका म्हणजे नुसता बूच, अशीच समजूत राहिली. नळ गळतो, बूच लावला, गळती थांबली, विषय संपला.

१९७४ साली सिएटलमध्ये रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण मोठा गमतीचा प्रयोग केला. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर त्यांना रक्तातला द्रव खाऊ घालतात. गोठलेल्या रक्तातून निघालेला द्रव घातला की पेशी भराभर वाढत. रक्तपट्टिका आधीच काढून टाकलेल्या रक्तातला द्रव घातला की तशाच बसून राहत. म्हणजे गोठताना रक्तपट्टिका काहीतरी बाहेर सोडतात आणि त्याने पेशींना वाढायचा हुकूम मिळतो. आता त्या "काहीतरी"ची मोठी यादी झाली आहे. वाढीचे घटक म्हणतात त्यांना. कुणी नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतं, कुणी पेशींना जखमेकडे बोलावतं, कुणी त्यांना विभागायला लावतं. तर बूच म्हणून जे लावलं, त्याच्याच पोटात पुढच्या दुरुस्तीचं सामान भरलेलं होतं.

मग माणसाच्या डोक्यात येणारच, की हे सामान जास्त प्रमाणात गोळा करून हव्या त्या जागी ठेवलं तर?

अमेरिकेत मायामी विद्यापीठातले रॉबर्ट मार्क्स यांनी १९९८ साली ८८ रुग्णांवरचा अभ्यास छापला. या लोकांच्या जबड्याचा तुकडा गेलेला होता आणि त्यांच्याच कमरेचं हाड घेऊन तो भरायचा होता. निम्म्यांच्या हाडात त्यांच्याच रक्तातल्या रक्तपट्टिकांचा अर्क मिसळला. त्यांचं हाड लवकर पक्कं झालं. हा अर्क म्हणजे पीआरपी. सौंदर्याच्या दवाखान्यात केस उगवायला टोचतात तो हाच. पण तो करायची रीत किचकट. रक्त गोठू नये म्हणून औषध घाला, दोनदा फिरवा, आणि मग वापरायच्या वेळी ते गोठावं म्हणून पुन्हा दुसरं औषध घाला. हे दुसरं औषध बहुधा गाईबैलांच्या रक्तातून काढलेलं थ्रॉम्बिन. त्याची क्वचित कुणाला उलटी प्रतिक्रिया येई आणि स्वतःचंच रक्त गोठायला अडचण होई.

फ्रान्समध्ये रक्ताच्या हाताळणीचे नियम कडक. तिथे नीस शहरातल्या डॉ. जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली सगळा खटाटोपच बाजूला ठेवला. कसलंही औषध घालायचं नाही. रक्त काढायचं, लगेच सेंट्रीफ्यूजमध्ये ठेवायचं आणि फिरता फिरताच गोठू द्यायचं. दहा मिलिलिटरच्या नळ्या, मिनिटाला तीन हजार फेरे, दहा मिनिटं. कुणी सत्तावीसशे फेरे आणि बारा मिनिटं असंही करतात. याचं नाव पीआरएफ. यातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना विणली जाते ती तंतूंची जाळी.

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आम्ही परभणीकर उगाच म्हणत नाही! फ्रान्समधली ही युक्ती आमच्या जिल्ह्यात रुळायला फार काही लागलं नाही, कारण लागतं काय? रक्त काढणारा हात, साध्या नळ्या आणि एक सेंट्रीफ्यूज. असलं यंत्र लघवी-रक्त तपासणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये असतंच. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, शहरात हिरड्यांचे आणि जबड्याचे तज्ज्ञ आहेत. जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठकडची माणसं दाताचं दुखणं घेऊन एसटीने शहरात येतात. त्यातलीच एक माझी आत्या.

आत्या जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय बासष्ट. गळ्यात माळ, वर्षाची वारी, एकादशीला पाणीसुद्धा विचारून पिणार. माळ घातली तेव्हा खाण्यापिण्यातलं सगळं सुटलं, फक्त मिसरी सुटली नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटाने हिरड्यांवर चोळत बसायचं. चाळीस वर्षांची सवय. गावात निम्म्या बाया चोळतात, आणि ते व्यसन आहे असं त्यातल्या एकीलाही वाटत नाही. "दात घासायलेत" असंच म्हणतात.

खालच्या डाव्या बाजूची शेवटची दाढ हलायला लागली, पू यायला लागला, तेव्हा मी तिला परभणीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, शेवटची दाढ गेल्यात जमा आहे, काढावी लागेल. तिच्या पुढची मात्र वाचवून बघता येईल. त्या दाढेच्या एका अंगाला हाड खाली उतरून खोल खड्डा झाला होता. हिरडी उघडायची, खड्डा साफ करायचा आणि त्यात काहीतरी भरून शिवायची. काय भरायचं याचे दोन रस्ते त्यांनी सांगितले. एक तयार भुकटी, जी बहुतेक वेळा गुरांच्या हाडापासून शुद्ध करून केलेली असते. दुसरा पीआरएफ.

गुरांचं हाड म्हटल्यावर आत्या खुर्चीतून उठायलाच निघाली. "माळ हाय माझ्या गळ्यात," एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, म्हणूनच आधी सांगितलं मावशी, विचारल्याशिवाय काही घालणार नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या काही मुसलमान घरांनाही डुकरापासून केलेल्या पडद्यांचं वावडं असतं, त्यांनाही त्या आधीच विचारतात. मोठ्या पुस्तकांत या मुद्द्याला किती जागा मिळते कोण जाणे, पण आमच्याकडे उपचार होणार की नाही हे यावरच ठरतं.

मग पीआरएफचं सांगितलं. तुमचंच रक्त काढायचं, त्याची गाठ करायची, तुमच्याच दाढेजवळ ठेवायची. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "रगत माझंच, मला माघारीच देणार, मग पैसे कशाचे?"

आम्ही सगळे हसलो, डॉक्टरीणबाईसुद्धा. पण प्रश्न वाजवी आहे, आणि उत्तर असं की रक्ताचे पैसे नसतातच. पैसे नळ्यांचे, यंत्राचे, निर्जंतुक सामानाचे आणि हिरडी उघडून दाढेच्या मुळापर्यंत साफ करणाऱ्या हाताचे. त्यातही सगळ्यात मोठा वाटा त्या हाताचा, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. खड्ड्यात घाण तशीच ठेवून वर कितीही चांगली गाठ बसवली तरी उपयोग शून्य. बाभळी न काढता पेरणी करण्यासारखं ते.

दुसरी शंका अशक्तपणाची. आपल्याकडे रक्त काढायचं म्हटलं की माणूस निम्मा तिथेच वाळतो. आत्याचं काढायचं होतं वीस मिलिलिटर, म्हणजे चार चमचे. रक्तदानात साडेतीनशे मिलिलिटर घेतात. हे तिला चहाच्या कपावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा पटलं.

त्या दिवशी मी यंत्राजवळच उभा होतो. दंडातून रक्त निघालं तसं सहायक मुलगी जवळजवळ पळतच नळ्या घेऊन आली. औषध घातलेलं नसल्याने रक्त नळीत शिरल्या क्षणापासून गोठायला लागतं. मिनिट-दोन मिनिटांत ते फिरलं नाही तर थर वेगळे होण्याआधीच सगळ्याचा एक गोळा होतो आणि गाठ नीट बनत नाही. मध्येच वीज गेली तरी तीच गत, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर जोडलेलं होतं. भारनियमनाची वर्षं काढलेल्या माणसाला असल्या गोष्टीचं कौतुक वाटतं.

दहा मिनिटांनी नळी बाहेर आली. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं तसे यात तीन थर दिसत होते. तळाशी लालभडक, वर पिवळसर पाणी, आणि मध्ये एक पिवळट-पांढरी, जेलीसारखी थरथरणारी गाठ. चिमट्याने ती उचलली तर अख्खी उचलली गेली. खालचा लाल भाग कापताना डॉक्टरीणबाईंनी गाठीला थोडी लाल कड मुद्दाम ठेवली, कारण रक्तपट्टिका सगळ्यात जास्त त्या सीमेपाशी अडकलेल्या असतात. एक गाठ दोन पट्ट्यांमध्ये दाबून चपटी केली. तिचा ओल्या कापडासारखा पडदा झाला, आणि ओढून बघितला तर चांगला चिवट. दुसरी तुकडे करून खड्ड्यात भरली, वरून पडदा, मग टाके. आठवडाभर किंवा जास्त काळ ती जाळी हळूहळू विरघळत जाते आणि अडकलेले वाढीचे घटक थोडे थोडे सुटत राहतात.

आता खरा मुद्दा. याने हाड येतं का?

उत्तर "थोडंफार येतं, पण गाजावाजा होतो तितकं नाही" असं आहे. बेंगळुरूच्या सरकारी दंत महाविद्यालयात अनुज शर्मा आणि ए. आर. प्रदीप यांनी २०११ साली छापलेल्या चाचणीत अशाच खड्ड्यांत पीआरएफ घातल्यावर नऊ महिन्यांनी खड्डा सरासरी जवळपास निम्मा भरलेला दिसला. नुसती साफसफाई केलेल्या जागी नावापुरताच. आकडे खुश करणारे आहेत. पण २०१८ साली कोक्रेन या संस्थेने जगभरच्या अशा ३८ चाचण्या एकत्र तपासल्या. हिरडी उघडून साफ करण्याला रक्तपट्टिकांची जोड दिली तर फायदा दिसतो, मात्र पुरावा कच्चा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि आधीच इतर प्रगत उपचार केला असेल तर ही जोड देऊन फारसा फरक दिसला नाही. अक्कलदाढ काढल्यावर मात्र दुखणं आणि खळगी कोरडी पडण्याचा त्रास कमी होतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

ही कोरडी खळगी ज्याने भोगली त्याला विचारा. दात काढला, दोन दिवस ठीक गेले, आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. खळगीतली गाठ निघून गेलेली असते आणि आतलं हाड उघडं पडतं. गाठ निघते कशाने? काही वेळा आपोआप विरघळते, खालच्या अक्कलदाढेला जास्त. पण बऱ्याचदा आपणच ती घालवतो. पहिल्याच दिवशी खळखळून गुळण्या करतो, दर पाच मिनिटाला थुंकतो, जीभ घालून बघतो, बिडी ओढतो, मिसरी चोळतो. गाठीसाठी यंत्र आणायचं, तिच्यावर जगभर चाचण्या करायच्या, आणि शरीराने फुकट करून दिलेली तशीच गाठ बसस्टँडवर थुंकून टाकायची! परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून अशा किती गाठी गेल्या असतील, देव जाणे.

म्हणजे पीआरएफ खोटं आहे असं नाही. निसर्गाची गाठ थोडी ओबडधोबड असते. तिच्यात तांबड्या पेशींचीच गर्दी, रक्तपट्टिका त्या मानाने थोड्या. यंत्र ती निवडून, दाट करून देतं. फरक ज्वारी मळणीतून आलेली आणि पाखडून घेतलेली, एवढा. पण धान्य तेच. म्हणून पहिल्या गाठीची किंमत कळली तरच दुसरीचे पैसे वसूल होतात.

आत्याला काढलेल्या दाढेच्या जागी काही घातलं नव्हतं. तिथे तिची स्वतःची साधी गाठ होती, आणि पुढच्या दाढेजवळ यंत्रातली. दोन्हींची राखण सारखीच. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. चोवीस तास गुळणी नाही, थुंकायचं नाही, आलेली लाळ गिळायची. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच. आणि मिसरी अजिबात नाही. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो, जखम भरायला वेळ लागतो. मिसरी जिथे रोज चोळली जाते तिथली हिरडीच खाली सरकते. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरून तो खड्डा आत्याला दाखवला. "हा मिसरीनं पाडलाय म्हणता?" आत्याने विचारलं. "एकट्या मिसरीनं नाही मावशी, किटणही आहे. पण भरू देणार नाही ती मिसरी."

तीन आठवडे आत्याने डबीला हात लावला नाही. या तीन आठवड्यांत तिने घर डोक्यावर घेतलं. सकाळी पोट साफ होईना, डोकं धरलं, चिडचिड. सून मला फोनवर म्हणाली, "दाढ काढली ती बरी, पण डबी काढली ती लई जड गेली." हिरडी छान जुळून आली, टाके निघाले. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तर खड्डा तळापासून थोडा भरल्यासारखा दिसत होता आणि दाढेचं हलणंही कमी झालं होतं. मी उत्साहाने विचारलं, पीआरएफनेच ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साफसफाईने किती, त्याने किती आणि मिसरी बंद होती त्याने किती, हे एका माणसावरून सांगता यायचं नाही. मला हे उत्तर फार आवडलं. हमखास गुण येईल असं सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन-चार गोष्टी विचारून घ्या. नळ्या नव्या आणि तुमच्यासमोर फोडलेल्या असाव्यात. रक्त तुमचंच, त्याच बैठकीत काढून त्याच बैठकीत वापरलेलं असावं. ही गाठ साठवून ठेवायची वस्तू नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पेशी कमी असतील, साखर असेल तर आधी सांगा. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि पीआरएफने पडलेले दात परत येतील असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

आत्या आता परभणी मोतीची भाकरी त्याच डाव्या बाजूने चावून खाते. मधूनच डबी पुन्हा बाहेर आल्याची खबर सून देते. कधी दिवसाला एकदा, कधी आठवड्याला एकदा. मी विचारलं की आत्या म्हणते, "तिकडच्या अंगाला नाही लावत." मिसरीला डावं-उजवं कळत नाही, हे मी तिला दर वेळी सांगतो. ती दर वेळी मान हलवते. पुढच्या महिन्यात तिचा वर्षाचा एक्स-रे आहे.